बाराव्या माणसाची चाल

केनियातल्या एल्डोरेटच्या बाजारात, भर दुपारी, जेरोतिच एका अनोळखी तरुणाच्या मागे मागे चालली होती. आणि तिची नजर खिळली होती त्याच्या कंबरेवर.

गैरसमज नको. मुलगी सरळ घरातली होती. फक्त ती कायनेसिऑलॉजीच्या चौथ्या वर्षाला होती, आणि हे शास्त्र शिकणाऱ्यांना एक वाईट खोड लागते. माणूस दिसला की ते आधी त्याचे गुडघे बघतात, मग घोटे, आणि वेळ उरलाच तर तोंड. चुलतबहिणीच्या लग्नात सगळे नवरीचा साज बघत होते, तेव्हा जेरोतिच तिची टाच कशी टेकते ते बघत होती. आल्यावर आईनं विचारलं, नवरी कशी दिसत होती? तर ही म्हणाली, डावा पाय जरा बाहेर फेकते.

तर समोरचा हा तरुण दर पावलाला उजवीकडे कलत होता. डावा हात अंगाला चिकटलेला, जराही हलत नव्हता. जेरोतिचनं वही काढली आणि पावलं मोजायला घेतली. टोमॅटोच्या ढिगांमधून, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांवरून, मोटारसायकलवाल्यांच्या शिट्ट्यांमधून... अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ—

तो गर्रकन वळला.

"बाई, तुमचं काही चोरलंय का मी?"

"न... नाही." जेरोतिचनं पहिल्यांदाच वर पाहिलं. चेहरा होता. बराच बरा होता. "तुमच्या कंबरेत दोष आहे."

कांदे निवडणारी म्हातारी हात थांबवून ऐकायला लागली.

"काय आहे?"

"दोष. डाव्या बाजूचा स्नायू कमजोर झालाय, म्हणून तुम्ही उजवीकडे झुकता. हात पण हलत नाही. कधीपासून आहे हे?"

"सकाळपासून."

"पडलात कुठे?"

"नाही."

"दुखतं?"

त्यानं जरा विचार केला. "मधूनमधून टोचतं. बरगडीत."

"बरगडीत... टोचतं," जेरोतिच मन लावून लिहू लागली, आणि तेवढ्यात त्या तरुणाचा कोट आरवला.

चांगला खणखणीत आरवला. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे तर ऊन डोक्यावर आलेलं, तरी हे आरवायचं राहिलं नाही. कोटाच्या दोन गुंड्यांमधून एक लाल तुरा बाहेर आला आणि त्यानं जेरोतिचकडे रागानं पाहिलं. कांदेवाली म्हातारी पोट धरून हसायला लागली.

"एका गिऱ्हाइकानं खूष होऊन दिला," तरुण ओशाळून म्हणाला. "माटाटूवाला कोंबड्याला गाडीत घेत नाही हो. म्हणून कोटात." मग त्याचे डोळे मिस्कील झाले. "पण तुमचं निदान बरोबर आहे, डॉक्टरीणबाई. डाव्या बाजूला आजार आहेच. त्याला पिसं आहेत, एवढंच."

"मी डॉक्टरीण नाही. मी कायनेसिऑलॉजी शिकते. माणूस कसा चालतो, कसा वाकतो, कसा उठतो-बसतो, ते."

"किती वर्षं?"

"चार."

"चार वर्षं! आणि कोंबडा ओळखता येत नाही?"

जेरोतिचच्या कानशिलांना ऊब आली. ती जायला वळली, तर मागून आवाज आला—

"तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. पुस्तकांची पिशवी डावीकडे घेत जा."

ती थबकली. चार वर्षं ती जगाचे खांदे मोजत होती, आणि तिचा स्वतःचा खांदा कुणी मोजला नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"शिंपी आहे मी. किबिवोत. पोस्टाच्या मागं निळ्या पत्र्याचं दुकान." कोंबडा पुन्हा आत कोंबत तो म्हणाला. "आम्ही पण माणसं बघूनच जगतो, बाई. फक्त आमच्याकडे चार वर्षं लागत नाहीत."

जेरोतिच पिशवी उजव्याच खांद्यावर ठेवून ताठ मानेनं निघून गेली. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र तिनं गुपचूप ती डावीकडे घेतली.

*

आता तिच्या अडचणीविषयी सांगायला हवं.

पदवीसाठी शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो. जेरोतिचनं मोठ्या हौसेनं विषय घेतला होता, 'न धावणाऱ्या तरुणांची चाल'. धावणाऱ्यांवर सगळं जग संशोधन करतं, मग बिचाऱ्या न धावणाऱ्यांचं काय? मार्गदर्शक डॉ. सिगेई मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं होतं, "मिळतील?" "मिळतील की," जेरोतिच म्हणाली होती. बारा माणसं तर हवी होती.

पण एल्डोरेटमध्ये न धावणारा तरुण शोधणं म्हणजे समुद्रकाठी न पोहणारा मासा शोधणं. इथे पहाटे धुक्यात जी काही पावलं वाजतात ती धावणाऱ्यांचीच. आणि जे धावत नाहीत, ते तसं कबूल करत नाहीत. पाव भाजणाऱ्या भल्या दांडग्या गड्याला तिनं विचारलं, "तुम्ही धावत नाही ना?" तर तो दुखावून म्हणाला, "कोण म्हणतं? गेल्याच महिन्यात सोडलंय. गुडघ्यामुळे." त्याचं पोट पाहता तो गेला महिना दहा वर्षांपूर्वीचा असावा. बँकेतला कारकून म्हणाला, "हळू बोला, आत माझे साहेब आहेत." आर्जवं करून, शपथा घालून, नाव कुठेही येणार नाही असं लिहून देऊन अकरा जण जमले. बारावा काही मिळेना.

सहा आठवड्यांत अहवाल द्यायचा होता. नाही दिला तर पदवी एक वर्ष पुढे. आणि तिकडे गावाकडे तिच्या बाबांनी पदवीच्या जेवणाचा मांडवसुद्धा ठरवून टाकला होता. गोठ्यातला काळा बैल बाजूला बांधला होता, मुरसिकसाठी, म्हणजे आंबवलेल्या दुधासाठी, भोपळे धुरी देऊन तयार होते. खरं तर ह्याच बाबांनी चार वर्षांपूर्वी कपाळाला हात लावला होता, "चालायचं शिकायला विद्यापीठ कशाला? चालायला तू वर्षाची असतानाच शिकलीस!" आणि आता फोनवर म्हणत होते, "हे बघ पोरी, नापास झालीस तर बैल वाचेल, पण माझं नाक जाईल. दोनशे माणसांना सांगून बसलोय."

तेव्हा एका संध्याकाळी जेरोतिच नाक मुठीत धरून पोस्टाच्या मागे गेली.

निळ्या पत्र्याच्या दुकानात किबिवोत मशीन चालवत होता. तोंडात दोन टाचण्या, गळ्यात टेप. तिला पाहून पायाखालची पट्टी थांबली.

"कोंबडा बरा आहे," टाचण्या काढून तो म्हणाला. "विचारायला आलात ना?"

"मला एक विचारायचंय. खरं सांगा." तिनं श्वास घेतला. "तुम्ही... धावता का?"

किबिवोतनं उठून बाहेर डोकावून पाहिलं. मग आत येऊन पुन्हा मशीनपाशी बसत आवाज खाली केला.

"कुणाला सांगणार नाही?"

"नाही."

"नाही धावत. कधीच नाही. तिघं भाऊ धावतात. आई म्हणते, चौथ्याच्या वेळी साचा बिघडला. शाळेत एकदा उतरवलं होतं शर्यतीत. मध्येच पुढच्या पोराची चड्डी उसवली. माझ्याकडे सुई होती, मग थांबलो. टाका घातला. तो पहिला आला, मी शेवटचा."

जेरोतिचला हसू आवरेना. हसता हसताच तिच्या लक्षात आलं, की ती त्याच्या गुडघ्यांकडे पाहत नाहीये.

"मला तुम्ही हवे आहात," ती एकदम म्हणाली.

मशीनवरची सुई तशीच वर राहिली.

"म्हणजे प्रकल्पासाठी! बारावे म्हणून."

"बारावा तर बारावा," किबिवोत म्हणाला. "शेवटचा यायची सवय आहे मला."

तिनं संमतीपत्र पुढे केलं. तो शिंप्याच्या चिकाटीनं एकेक ओळ वाचू लागला. नवव्या कलमाशी थांबला.

"'अहवाल सादर होईपर्यंत संशोधक आणि सहभागी यांच्यात वैयक्तिक संबंध नसावेत.' वैयक्तिक म्हणजे?"

"म्हणजे... चहा वगैरे घ्यायचा नाही."

"चहा कळला. वगैरे म्हणजे?"

"सही करा," जेरोतिच म्हणाली. तिचे कान पुन्हा गरम झाले होते.

त्यानं सही केली. तिनं वर आकडा घातला, १२. ह्यापुढे कागदावर त्याला नाव नव्हतं.

*

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. जमिनीवर दहा मीटरची काळी पट्टी, बाजूला एक कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे बार्नो काका. काका तीस वर्षं इथे होते. आत्तापर्यंत चार हजार माणसांना त्यांनी ह्या पट्टीवरून चालवलं होतं. माणसांबद्दलचं कुतूहल संपल्यासारखा त्यांचा चेहरा असे.

जेरोतिचनं किबिवोतच्या खांद्यावर, मनगटावर, गुडघ्यावर, घोट्यावर पांढरी टिकली चिकटवली. अकरा जणांना तिनं हे डोळे मिटून केलं होतं. आज मनगटाची टिकली तीनदा पडली.

"हात थंड आहेत तुमचे," तो म्हणाला.

"बोलू नका. इथून तिथपर्यंत चाला. रोज चालता तसे."

किबिवोतनं पहिलं पाऊल टाकलं. उजवा पाय पुढे, आणि त्याबरोबर उजवा हात पुढे. मग डावा पाय, डावा हात. एका बाजूचं सगळं एकदम, थेट उंट. पट्टीच्या टोकाला पोचला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

जेरोतिच थक्क झाली. "तुम्ही नेहमी असेच चालता?"

"नाही हो! आज काय झालंय काही कळत नाही. पाय विचारतायत, आता कुणाचा नंबर?"

"परत चाला. मी बघतेय हे विसरून जा."

तो पट्टीच्या टोकावरून तिच्याकडे पाहत राहिला. "सगळं विसरेन, डॉक्टरीणबाई. तेवढं एक सोडून काहीतरी सांगा."

बार्नो काका कॅमेऱ्यामागे खाकरले.

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात. जेरोतिच पुस्तकं चाळून आली होती. लक्ष दुसरीकडे वळवायचं, असं लिहिलं होतं. म्हणून ती कोपऱ्यात उभी राहून विचारत होती, "कोटाची बाही कशी बसवतात?" पहिली चार पावलं तो सुरेख चालला. मग उत्तर द्यायला त्यानं तिच्याकडे मान वळवली, हातपाय पुन्हा एकमेकांत गुंतले, आणि बारावा सहभागी तोल जाऊन थेट कॅमेऱ्याच्या तिवईवर आदळला.

तिसऱ्या फेरीला बाहेर गारांचा पाऊस होता. पत्र्यावर असा ताशा वाजत होता, की ओरडून बोलावं लागे. वेळ कमी उरला होता. जेरोतिच वैतागली. "मी शेजारून चालते! माझ्याबरोबर पावलं टाका!" आणि ती पट्टीच्या कडेनं त्याच्याबरोबर चालू लागली. एक दोन, एक दोन. इतक्या जवळून त्याच्या शर्टाला इस्त्रीचा, खडूचा वास येत होता. ती मोजत होती खरी, पण सात कधी आले आणि आठ कधी गेले, कुणास ठाऊक.

"झालं का बरोबर?" टोकाला पोचल्यावर त्यानं ओरडून विचारलं.

"माहीत नाही!" तीही ओरडली. खरोखरच माहीत नव्हतं. तिनं पाहिलंच नव्हतं.

काकांनी चित्रफीत बघून मान हलवली. "उंट." मग चष्मा पुसत पुढं म्हणाले, "पोरी, तू बाहेर जा."

"बाहेर गारा पडतायत, काका!"

"छत्री घे."

ती वळचणीला जाऊन उभी राहिली. पायाशी गारा टणाटण उड्या मारत होत्या. पाच मिनिटांनी काकांनी दार उघडलं.

"झालं. राजासारखा चालला."

किबिवोत गेल्यावर तिनं ती चौथी फेरी पाहिली. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. लांब, सैल, बिनघाईची पावलं. खांदे मोकळे. टाच टेकते, तळवा येतो, अंगठा जमीन सोडतो, सगळं इतकं सहज, की जणू रस्ताच त्याच्या पायाखालून मागे सरकतोय. चार वर्षांत तिनं इतकी सुंदर चाल पाहिली नव्हती.

मग एकदम तिला वाईट वाटलं. ही चाल तिला प्रत्यक्ष कधीच दिसणार नव्हती. ती खोलीत असली, की ही चाल पळून जात होती.

कारण तिला कळलं होतं. मूर्ख नव्हती ती. पण कळलं तरी करायचं काय? नियम असा, की वगळलेल्या प्रत्येक फेरीचं कारण अहवालात लिहायचं. तीन फेऱ्या वगळल्या होत्या. 'सहभागी संशोधकाकडे पाहत होता' असं लिहिलं, तर नववं कलम अंगावर येणार. प्रकल्प रद्द, बैल जिवंत, बाबांचं नाक गेलेलं. तिनं खूप वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'सहभागीला कॅमेऱ्याची सवय नव्हती.'

सोमवारी अहवाल गेला.

बुधवारी वसतिगृहावर एक पुडकं आलं. आत गडद हिरवं जाकीट आणि चिठ्ठी, 'अहवाल सादर झाला असं बार्नो काकांकडून कळलं. आता कपडा चालतो का? चहाबद्दल विचारायचं धाडस अजून नाही. — बारा.'

तिनं जाकीट घातलं. आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. उजव्या खांद्याच्या आत, कुणाला दिसणार नाही असा, अर्ध्या इंचाचा पातळसा थर शिवला होता.

*

गुरुवारी तोंडी परीक्षा. ह्या विभागात ती सगळ्यांसमोर होते. घरचे येतात, सहभागींनाही बोलावतात. बाबा लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी आत्या.

"जाकीट झकास बसलंय," आत्यानं बोट फिरवून शिलाई पाहिली. "माप कुणी घेतलं?"

"कुणीच नाही, आत्या."

"न घेता?" आत्यानं बाबांना कोपरानं ढोसलं. "मग प्रकरण पुढं गेलंय."

शेवटच्या रांगेत, दारापाशी, किबिवोत अंग चोरून बसला होता. जेरोतिचनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि म्हणून तिला तेवढंच दिसत राहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक डॉ. ओकुमू उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. सावकाश बोलणारे परीक्षक जास्त वाईट. पाऊण तास सगळं सुरळीत झालं. बाबा प्रत्येक आलेखाला मान डोलवत होते. मग ओकुमू सरांनी पान उलटलं.

"क्रमांक बारा. तीन फेऱ्या वगळल्यात. कारण, कॅमेऱ्याची सवय नव्हती."

"हो, सर."

"चौथी फेरी त्याच दिवशी, पाच मिनिटांनी. उत्तम. तेव्हा कॅमेरा काढला होता का?"

"...नाही, सर."

"मग पाच मिनिटांत सवय झाली?"

सिगेई मॅडमनी चष्मा काढला.

"कारण चुकीचं लिहिलं असेल तर अहवाल चुकीचा," सर शांतपणे म्हणाले. "आणि चुकीच्या अहवालावर मी सही करत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत नक्की काय बदललं?"

जेरोतिचच्या डोळ्यांसमोर मांडव, बैल, दोनशे माणसं एका ओळीत उभी राहिली. खोटं टिकवता आलं असतं. आवाज, थंडी, गारा, काहीही. पण चार वर्षं ती एकच गोष्ट शिकली होती. शरीर खोटं बोलत नाही, बघणाऱ्यानं तरी का बोलावं?

"चौथ्या फेरीत मी खोलीत नव्हते, सर," ती म्हणाली. "कारण कॅमेरा नाही. कारण... मी होते."

आत्याच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली.

"नववं कलम ठाऊक आहे?"

"आहे, सर. आम्ही एक कप चहासुद्धा घेतला नाही."

सरांनी मागे पाहिलं. "क्रमांक बारा हजर आहेत? खरं आहे हे?"

किबिवोत उभा राहिला. हातात टोपी, आणि टोपीची पार चुरगळ झालेली.

"खरं आहे, सर. सहा आठवडे. चहा मागायची हिंमतच नव्हती, कलम होतं म्हणून अब्रू वाचली."

सभागृह खदखदून हसलं. ओकुमू सर हसले नाहीत. त्यांनी बार्नो काकांना खूण केली. पडद्यावर तिसरी फेरी सुरू झाली. गारांचा आवाज, पट्टीवरचे किबिवोतचे पाय, उजव्या पायाबरोबर उजवा हात. उंट.

"ह्याचं कारण तुम्ही. मान्य," सर म्हणाले. "आता पट्टीच्या कडेला बघा. हे दुसरे पाय कुणाचे?"

जेरोतिचनं पाहिलं. चौकटीच्या काठावर दोन पाय चालत होते. तिचे बूट. किबिवोतच्या पावलाला पाऊल लावून, जराही न चुकता. आणि उजव्या पायाबरोबर... उजवा हात.

शेजारीशेजारी दोन उंट चालले होते.

"बाई," ओकुमू सरांनी विचारलं, "आणि ह्याचं कारण कोण?"

ती पडद्याकडे पाहत राहिली. हा पुरावा तिनं स्वतःच गोळा केला होता, स्वतःच सादर केला होता, आणि एकदाही पाहिला नव्हता. सगळ्या गावाची चाल ओळखणाऱ्या मुलीला स्वतःची चाल ओळखता आली नव्हती. तिला हसू आलं, रडूही आलं. आणि मग तिला वाटलं, लपवायचं तरी कुणापासून?

"क्रमांक बारा, सर," ती स्पष्ट म्हणाली. "मला ते आवडतात. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. आत्ता कळलं."

आता मात्र ओकुमू सरांचे खांदे हलायला लागले. "अकरा अधिक एक, सगळं मोजमाप बरोबर आहे," ते सही करत म्हणाले. "फक्त कारण बदला. लिहा, 'संशोधकाची उपस्थिती.' आणि परिणाम परस्पर, असंही लिहा. उत्तीर्ण."

बाबा ताडकन उठले. जेरोतिचला वाटलं, आता भडकणार. पण ते परीक्षकांनाच म्हणाले, "साहेब, चार वर्षं शिकून हिला आज कळलं. मी गाई घेताना आधी चालवून बघतो. तो पोरगा दारातून आत आला, तेव्हाच मी बहिणीला म्हटलं, ह्याचं मन जागेवर नाही." मग मागे वळून हाक मारली, "ए, बारा नंबरवाल्या! मांडवात दोनशे माणसं आहेत. दोनशे एक झाली तर चालेल. पण कोट इस्त्री करून ये!"

*

व्हरांड्यात ऊन आलं होतं. आत आत्या सगळ्यांना जाकिटाची शिलाई समजावून सांगत होती. जेरोतिच खांबापाशी उभी राहिली. लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, किबिवोत दारातून बाहेर आला.

त्यानं तिला पाहिलं. आणि तो तिच्याकडे चालत आला.

लांब, सैल, बिनघाईची पावलं. खांदे मोकळे. टाच, तळवा, अंगठा. तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो सरळ चालत येत होता. लपवायचं काही उरलंच नव्हतं, मग पाय कशाला अडखळतील? जेरोतिच पाहत राहिली. पडद्यावर होती त्याहून ही चाल कितीतरी सुंदर होती.

तीही निघाली त्याच्याकडे. दोन पावलं गेली, आणि थांबली. पुन्हा निघाली. उजवा पाय, उजवा हात... "अरे देवा," ती पुटपुटली. डावा पाय, डावा हात. काही केल्या जमेना.

किबिवोत तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं तिला टाचेपासून खांद्यापर्यंत निरखलं, अगदी शास्त्रशुद्ध.

"दोष आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "कधीपासून?"

"गारांपासून."

"दुखतं?"

"हो," जेरोतिच म्हणाली. "चहा पाजशील का?"

"पाजतो की." त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, घट्ट, म्हणजे तो पुन्हा चुकीच्या वेळी पुढे जाऊ नये. "पण चहा कळला... वगैरे म्हणजे काय, ते आज तरी सांग."

आणि जेरोतिचनं सांगितलं.